झिलई राखेची: लाकडाच्या भट्टीसाठी भांडं कसं घडवतात

घरातला पाण्याचा माठ उचलून लाकडाच्या मोठ्या भट्टीत, आगीच्या अगदी तोंडाशी ठेवला तर काय होईल? मातीकाम शिकायला येणाऱ्या नव्या मंडळींना मी हे हमखास विचारते. "आणखी पक्का होईल," असं उत्तर येतं. होत नाही. ११००-११५० अंश सेल्सिअसच्या आसपास तो मऊ पडतो, फुगतो, बसतो, आणि पुढे आच वाढतच गेली तर भट्टी उघडल्यावर माठाच्या जागी तपकिरी काचेचं थारोळं सापडतं.

दोष माठाचा नाही. नदीकाठचा पोयटा किंवा तळ्यातला गाळ घेऊन आपला कुंभार माती मळतो. तिच्यात लोह भरपूर, शिवाय थोडा चुना आणि क्षार. ही द्रव्यं मातीला लवकर वितळवतात. पण कुंभाराला एवढी आच मुळात द्यायचीच नसते. त्याचा आवा ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. तेवढ्या आचेवर माती कडक होते, पाण्यात पुन्हा विरघळत नाही, पण कणांमधली छिद्रं उघडीच राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगाला वाळतं आणि वाळता वाळता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठ जरासा गळका आहे म्हणून पाणी गार आहे. आव्याला जळण म्हणून लाकूड, शेणी, पालापाचोळा, जे मिळेल ते. 'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच' ही म्हण सुनेबद्दल असली, तरी आव्याचं सगळं अर्थकारण मला तिच्यात दिसतं.

आता ज्या भट्टीबद्दल लिहायचं आहे ती वेगळी. जळण तेच, लाकूड. पण आच १२८० ते १३०० अंशांपर्यंत. मातीही वेगळी लागते, आणि भांड्यावरची झिलई, म्हणजे ज्याला सगळे 'ग्लेझ' म्हणतात ती, कुणी ब्रशने लावत नाही. ती जळणाऱ्या लाकडातून उडून येते.

या पद्धतीचं अजूनही धगधगतं घर जपान. तिथल्या भट्टीला अनागामा म्हणतात, म्हणजे गुहेसारखी भट्टी. साधारण पाचव्या शतकात कोरियातून ही कला तिथे पोचली. टेकडीच्या उतारावर बांधलेला एक लांबोळा बोगदा डोळ्यांपुढे आणा. खालच्या टोकाला आग, वरच्या टोकाला धुराडं, मधे भांडी. गरम हवा वर चढते, आणि बोगदाच चढा असल्यामुळे भट्टीचं सबंध अंग धुराड्यासारखं ओढ घेतं. आगीच्या खोलीत आणि भांड्यांच्या खोलीत भिंत नसते. ज्वाळा थेट भांड्यांवरून, भांड्यांमधून, भांड्यांना वळसे घालत पुढे जाते. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप उलगडतं.

राखेची काच कशी होते

लाकूड जळून गेलं की वजनाच्या अर्धा ते एक टक्का राख उरते. म्हणजे एक टन लाकडामागे पाच ते दहा किलो. यातली बरीचशी निखाऱ्यांत पडते, पण बारीक राख ज्वाळेच्या ओढीने उडते आणि वाटेत जे भांडं आडवं येईल त्यावर बसते. नदीला पूर आला की पाण्याच्या वाटेतल्या दगडांवर गाळ बसतो ना, तसंच. पुराकडे तोंड असलेल्या बाजूला जास्त, पाठीमागे कमी, आडोशाला जवळजवळ नाहीच.

काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे गारगोटीतलं किंवा वाळूतलं द्रव्य. नुसती सिलिका वितळवायची तर १७०० अंशांच्या पुढे जावं लागतं. तिथवर कुठलीच लाकडाची भट्टी पोचत नाही. पण सिलिकेत कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम यांसारखी द्रव्यं मिसळली की ती कितीतरी कमी आचेला वितळते. यांना फ्लक्स म्हणतात. मराठीत 'वितळवणारं' म्हटलं तरी चालेल. लाकडाच्या राखेत नेमकं हेच असतं: सगळ्यात जास्त कॅल्शियम, मग पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडा फॉस्फरस. आणि सिलिका कुठे असते? भांड्याच्या मातीत. राख येऊन बसते, १२४० अंशांच्या पुढे मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना (मातीतलंच दुसरं मुख्य द्रव्य) ओढून घेते, आणि दोघींची मिळून काच होते. झिलईचं अर्धं साहित्य लाकूड आणतं, उरलेलं अर्धं भांडं आपल्या अंगातून देतं. म्हणूनच ती बाहेरून थापलेली वाटत नाही.

राख कमी पडली तर नुसते ठिपके उठतात. जपानीत त्यांना 'गोमा' म्हणतात, म्हणजे तीळ. जास्त पडली तर काच ओघळायला लागते आणि ओघळाच्या टोकाशी हिरवट थेंब लटकतो. या हिरव्या काचेला जपानी कुंभार 'बिदोरो' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'विद्रो'वरून आला, अर्थ काच. गोव्याच्या वाचकांना ओळखीचं नाव परक्या गावात भेटल्यासारखं वाटेल.

हिरवा रंग लोहाचा. राखेत आणि मातीत लोह थोडं असतंच. भट्टीत लाकूड भरभरून टाकलं आणि हवा कमी पडली, तर ज्वाळेला प्राणवायू पुरत नाही. मग ती तो मातीतल्या लोहाकडून हिसकावून घेते. लोहाचा प्राणवायू गेला की तांबड्याचा करडा-हिरवा होतो. मोकळी हवा मिळाली तर तीच काच पिवळसर, मधासारखी. या हिसकाहिसकीला 'रिडक्शन' म्हणतात. संक्रांतीची काळी सुगडं पाहिली असतील. तीही याच कुळातली: शेवटी आवा कोंडायचा, धूर आत दाबायचा, मडकं काळं.

राख पोचत नाही तिथेही काहीतरी होतंच. लाकडातले क्षार वाफ होऊन ज्वाळेबरोबर फिरतात आणि उघड्या मातीला नारिंगी, गुलाबी, विटकरी झाक देतात. भांड्यापुढे दुसरं भांडं असेल तर त्याची सावली उमटते: अर्धं अंग नारिंगी, अर्धं फिकट, आणि मधली कड इतकी स्पष्ट की कुणी रेघ मारली असं वाटावं. ओकायामा प्रांतातल्या बिझेन इथले कुंभार याचाच मुद्दाम फायदा घेतात. बिझेनची भांडी बिनझिलईची. भाताचा पेंढा भांड्याभोवती गुंडाळून ते आडोशाला भाजायचं, की पेंढा जिथे टेकला तिथे लालभडक रेघा उठतात. पेंढ्यातलं पोटॅशियम आणि मातीतलं लोह मिळून ते रंगकाम करतात. यांना 'हिदासुकी' म्हणतात. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे भरायचा पेंढा, त्यातून निघालेली ही नक्षी. कोकणात आंबे पेंढ्यात ठेवणाऱ्यांना पेंढ्याचं हे दुसरं करिअर आवडायला हरकत नाही.

मग कुंभाराने करायचं काय?

आग सगळं करते म्हटल्यावर कुंभार रिकामा, असा समज सहज होतो. माझा अनुभव उलटा आहे. गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत भांड्यातलं पाप झिलईखाली झाकता येतं. इथे तुम्ही जे केलं ते उघडं पडतं, आणि जे करायचं विसरलात तेही. सगळं फिनिशिंग भांडं भट्टीत जायच्या आधी.

सुरुवात मातीपासून. १३०० अंश सोसणारी स्टोनवेअर माती लागते: चिनी माती, आकार धरणारी चिवट माती, फेल्डस्पार नावाचं खनिज आणि गारगोटीची पूड यांचं मिश्रण. त्यात ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा. कुंभार जे काम लीद-राखेकडून करवून घेतो, साधारण तेच हा चुरा करतो: वाळताना ओलावा बाहेर पडायला वाट ठेवतो आणि भेग पुढे धावू देत नाही. लोह कमीच हवं, एक-दोन टक्के. त्यावर क्षारांची नारिंगी झाक उत्तम उठते. जास्त लोहाची माती गडद होते, राखेचा हिरवा तिच्यावर बुडतो. जपानमधल्या शिगाराकी गावची माती भरड, तिच्यात फेल्डस्पारचे खडे असतात, आणि भाजल्यावर ते पांढरे मोती होऊन पृष्ठभागावर फुटून येतात. गुळगुळीत मातीत असं काही होत नाही. म्हणून या भट्टीसाठी माती फार गाळू नये, असं माझं मत. चाकावर हात सोलले जातात, ते सोसावं.

मग आकार. इथे विचार असा करायचा की राख पावसासारखी वरून आणि वाऱ्यासारखी समोरून येणार आहे. ती कुठे टेकेल? रुंद खांदा असलेली बरणी राख झेलते. सरळ उभ्या पेल्यावर ती टिकत नाही, घसरते. भांड्याला सुरीने पैलू पाडले, तर प्रत्येक कडेपाशी काच पातळ होते आणि खोबणीत साचते, आणि पैलू उठून दिसतात. बारीक कोरीव काम मात्र फुकट जातं. एकदा मी एका बरणीवर तीन दिवस खपून जाळीची नक्षी काढली. भट्टीतून ती आली तेव्हा नक्षीवर अर्धा सेंटीमीटर काचेची साय होती. शेजारची, थापटण्याने चार ठोके देऊन सोडलेली बरणी लोक हातात घेऊन फिरवत होते.

भिंत जरा जाड हवी. त्या आचेला माती अर्धवट मऊ झालेली असते आणि ज्वाळा एका बाजूने दाबत असते. पातळ काठ आगीपासून दूर झुकतात. माती चाकावरून उतरून भाजून निघेपर्यंत दहा ते पंधरा टक्के आक्रसते, तेही धरून चालायचं. चहाचा कप म्हणून घडवला, तो कॉफीचा होऊन बाहेर येतो.

तळाला लोकांचा हात आखडतो, आणि तिथेच घोटाळे होतात. भांडं लेदर-हार्ड झालं, म्हणजे बोटाने दाबलं तर ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा निघतो अशा बेताला आलं, की उलटं करून तळ तासायचा. भरड मातीत तासताना ग्रॉगचे कण ओढले जातात आणि तळावर ओरखडे राहतात. ते ओल्या बोटाने नव्हे, गुळगुळीत दगडाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून आत बसवायचे. ओलं बोट वरची मऊ माती धुऊन नेतं आणि ग्रॉग उघडा पडतो. मग तो तळ जेवणाच्या टेबलावर सँडपेपरसारखा चालतो. पायाची कड थोडी गोल करायची, नाहीतर भाजल्यावर तिचे टवके उडतात.

आतून झिलई लागते का? लागते. अरुंद तोंडाच्या बरणीत, खोल मगात राख पोचत नाही. म्हणून आतल्या अंगाला तयार झिलई ओतून, फिरवून काढून टाकायची. त्यासाठी भांडं आधी ९०० ते १००० अंशांवर एकदा भाजून घेतात, म्हणजे बिस्क. सच्छिद्र भांडं पातळ झिलई पटकन शोषतं. बिझेनमध्ये हे नाहीच. तिथे कच्चं भांडं थेट मोठ्या भट्टीत जातं आणि एकाच आगीत सगळं उरकतं.

गोळ्या आणि शिंपले

आव्यात मडकी एकमेकांवर रचतात, एकमेकांना टेकवतात. चालतं, कारण तिथे काही वितळतच नाही. इथे सगळ्यावर काच येणार, म्हणजे सगळं सगळ्याला चिकटणार. भांडं भट्टीतल्या आच सोसणाऱ्या फळीला, झाकण भांड्याला, शेजारी शेजाऱ्याला.

म्हणून प्रत्येक भांड्याच्या तळाला छोट्या गोळ्या लावतात. यांना वॅड म्हणतात. ॲल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती निम्मी-निम्मी घेऊन कणकेसारखी मळायची, करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्या करायच्या आणि पांढऱ्या गोंदाने तळाला तीन ठिकाणी चिकटवायच्या. तीन, कारण तीन पायांचं स्टूल डगमगत नाही. हे मिश्रण १३०० अंशांनाही वितळत नाही, आणि भट्टी उघडल्यावर बोटाने किंवा छिन्नीच्या हलक्या टिचकीने निघतं. काही जण त्यात भुसा किंवा पीठ घालतात. ते जळून जातं आणि गोळी आणखी ठिसूळ होते. झाकणाखाली गोळ्या मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, पण बऱ्याच. झाकण जागेवर ठेवूनच भाजायचं, नाहीतर दोन्ही वेगवेगळी वाकतात आणि लग्न मोडतं.

भांडं आडवं झोपवून भाजायचं असेल तर शिंपल्यांचा खेळ आहे. शिंपल्याच्या वाटीत वॅडची माती दाबून भरायची आणि भांडं त्यावर निजवायचं. आगीत शिंपला भाजून त्याचा कळीचा चुना होतो. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या शिंपले भाजून चुना केला, तोच हा. नंतर पाण्यात घातलं की चुना फुलून भुगा होतो आणि भांड्यावर शिंपल्याच्या रेषांचा ठसा उरतो, जीवाश्मासारखा. भुगा झटकताना हातमोजे घाला. कळीचा चुना ओल्या कातडीला आणि डोळ्यांना भाजतो.

या गोळ्यांचं महत्त्व मी पैसे मोजून शिकले. पहिल्याच वर्षी एका वाडग्याला दोनच गोळ्या लावल्या आणि आतल्यासारखीच बाहेरही पायापर्यंत झिलई चोपडली. वर राख आली, दोन्ही मिळून वाहिली. वाडगा फळीशी एकजीव झाला. हातोडीने वाडगा गेला, वाडग्याबरोबर फळीचा कोपराही गेला, आणि अशी फळी वाडग्याच्या कितीतरी पट महाग असते. तेव्हापासून पायाच्या वर बोटभर जागा मी कोरडी ठेवते.

रचणं आणि पेटवणं

भट्टी भरायला दोन-तीन दिवस सहज जातात. नवशिका भांडी रचतो. जाणकार मधल्या मोकळ्या वाटा रचतो. ज्वाळेला सरळ बोगदा मिळाला तर ती धुराड्यात पळून जाते, कोंडी झाली तर मागची भांडी कच्ची राहतात. पुढे मोठी, दणकट, राख झेलणारी, मधे पैलूदार, मागे फिकट मातीची, ज्यांना नुसती झाक हवी ती. कोणतं भांडं कोणाच्या आडोशाला उभं आहे, त्यावर त्याचा अर्धा चेहरा ठरतो.

पहिला दिवस अगदी संथ. भट्टीच्या तोंडाबाहेर छोटा जाळ, नुसती ऊब. मातीत राहिलेलं पाणी १०० अंशांना वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. घाई केली तर भांडं फुटतं, आणि त्याचे तुकडे शेजाऱ्यांच्या झिलईत जाऊन बसतात. मग ४५० ते ६०० अंशांच्या टप्प्यात मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी सुटतं. इथून पुढे ती पुन्हा कधीच चिखल होऊ शकत नाही. ५७३ अंशांना गारगोटीचे स्फटिक एकदम रूप बदलतात आणि फुगतात. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा इथे दमाने घ्यायचं. या सगळ्यात मातीतला सेंद्रिय कचराही जळून जायला हवा. त्याआधीच भट्टी कोंडून धूर केला तर कार्बन आत अडकतो आणि पुढे भांड्याच्या अंगावर फोड येतात.

यानंतर दिवसरात्र लाकूड. पाळ्या लावून. अनागामा तीन दिवसांपासून आठवडाभर चालते, बिझेनची भट्टी दहा-बारा दिवससुद्धा. लाकूड वाळलेलं हवं. पाइनची ज्वाळा लांब जाते, म्हणून जपानमध्ये तीच लाडकी. जड लाकूड निखारे जास्त देतं. रंग दिलेलं किंवा रसायन मुरवलेलं जुनं लाकूड फुकट मिळालं तरी घेऊ नका. तो धूर आपल्याच फुप्फुसात जातो.

माझी पहिली पाळी रात्री दोन ते सहा होती. मी पायरोमीटरच्या, म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या यंत्राच्या, आकड्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत चार-चार मिनिटांनी लाकूड टाकत होते, आणि आकडा खाली चालला होता. भट्टीवर वर्षानुवर्षं काम केलेले एक काका होते. म्हणाले, "ताई, घड्याळ सोडा. धूर बघा." लाकूड पडलं की आधी काळा धूर, झरोक्यांतून जिभा बाहेर, तापमान किंचित पडतं. मग धूर विरळ होतो, जिभा आत जातात, धुराड्यावरची हवा नुसती थरथरते. तेव्हा आकडा चढतो. तो चढून थांबला की पुढचं लाकूड. त्याआधी टाकलं तर भट्टी गुदमरते, उशीर झाला तर थंडावते. मी गुदमरवत होते. शिवाय निखाऱ्यांचा ढीग जाळीपर्यंत चढला होता, खालून हवाच येत नव्हती. काकांनी खालची भोकं उघडली, लोखंडी सळीने निखारे पसरले आणि वीस मिनिटं लाकूडच टाकू दिलं नाही. काहीही न करता आकडा चाळीस अंशांनी वर गेला.

आकडा मात्र अर्धंच सांगतो. माती भाजली जाते ती तापमान आणि वेळ यांच्या गुणाकाराने, भातासारखी; कुकर किती तापला एवढ्यावर भात शिजला की नाही ते कळत नाही. म्हणून आत कोन ठेवतात, म्हणजे ठरावीक मिश्रणाचे छोटे त्रिकोणी सुळके. पुरेशी उष्णता मुरली की ते वाकतात. हर्मन झेगर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १८८६ साली हे काढले, अमेरिकेत पुढे एडवर्ड ऑर्टन यांच्या नावाचे कोन आले. १३०० च्या आसपास वाकतो तो दहा नंबर. पण राख किती बसली आणि वितळली का, हे कोनही सांगत नाही. त्यासाठी मातीच्या कड्या असतात, अंगठीपेक्षा थोड्या मोठ्या. झरोक्याची वीट काढायची, गडद चष्मा लावायचा, कारण आत पांढऱ्या उजेडापलीकडे काही दिसत नाही, आणि लांब सळीने एक कडी ओढून काढायची. बाहेर आली तेव्हा ती सूर्याच्या तुकड्यासारखी होती. मग पिवळी, नारिंगी, लाल, आणि मिनिटाभरात करडी. वरच्या कडेवर राख अजून साखरेसारखी खरखरीत होती. आणखी आठ तास, असं ठरलं.

शेवटी सगळी तोंडं विटा-चिखलाने बंद. जितके दिवस भाजली तितकेच दिवस थंड होऊ द्यायची. या दिवसांत करायला काही नसतं आणि झोपही येत नाही.

एवढं लाकूड जाळणं बरोबर आहे का, हा प्रश्न रास्त आहे. एका मोठ्या भट्टीला काही टन लागतं. रोजच्या कप-बशांसाठी मी ही भट्टी कधीच सुचवणार नाही. त्यासाठी वीज आणि गॅस आहेत. वर्षातून एकदा, अनेकांनी मिळून, तोडायलाच लागलेल्या किंवा पडलेल्या झाडांचं लाकूड वापरून भट्टी लावावी, इतपत माझं मन तयार होतं. भारतात आज अशा भट्ट्या लावणारे बरेच कलाकार पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकले. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ साली सुरू केली. मीकर यांनी तर पुढे मातीची अख्खी घरंच आतून पेटवून भाजली. त्यापुढे माझी बरणी काहीच नाही.

उघडल्यानंतर

भट्टी उघडल्यावर पहिलं काम हातमोजे. राखेच्या काचेला बारीक सुया असतात, त्या दिसत नाहीत आणि तळहातात मोडतात. गोळ्या टिचकीने काढायच्या, तळावर उरलेले पांढरे डाग सिलिकॉन कार्बाइडच्या दगडाने घासायचे. घासताना पाणी हवंच. कोरडं घासलं तर सिलिकेची धूळ उडते, आणि ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. काठावर ओठ फिरवून बघायचा नसतो, आधी जुन्या मोज्याचं कापड फिरवायचं. कुठे अडकलं तर तिथे सूई आहे. ती डायमंड पॅडने मारायची.

मग टिचकी. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपल्याला पाठ आहे. कथेतला निकष कुंभाराचाच आहे. भाजलेलं भांडं खणकन वाजतं. भेग असेल तर आवाज बद्द येतो, मग ती डोळ्याला दिसो न दिसो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची भांडी, जी दायमाबादला आणि इनामगावला सापडली, तीही धातूसारखी खणखणीत वाजतात, असं पुरातत्त्वाचे लोक लिहून ठेवतात. मी प्रत्येक बरणी डाव्या हाताच्या बोटांवर तोलून उजव्या हाताने वाजवते. शेजारी त्याला देवपूजा समजतात.

शेवटची परीक्षा रात्रीची. भांड्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर्तमानपत्रावर ठेवायचं आणि झोपायला जायचं. सकाळी कागद कोरडा तर ठीक. आगीपासून दूर, मागच्या रांगेत असलेल्या भांड्यांखाली कधीकधी ओलं वर्तुळ सापडतं: माती पूर्ण आटलेली नाही, छिद्रं उरली आहेत. अशा फुलदाण्यांसाठी माझा उपाय तांदळाची दाट पेज. ती भांड्यात गरम ओतायची, गार होऊ द्यायची, काढून टाकायची, भांडं वाळवायचं, आणि हे दोन-तीनदा करायचं. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो. जपानी लोक त्यांच्या नव्या मातीच्या पातेल्यात, दोनाबेत, पहिल्यांदा तांदळाची लापशीच शिजवतात ती याचसाठी, आणि माझी आजी नव्या मडक्यात आधी पेज करायची तेही याचसाठी. मागच्या भट्टीतल्या तीन फुलदाण्या सध्या ओट्यावर पेज पिऊन उलट्या पडल्या आहेत. उद्या सकाळी कागद बघायचा.